रूपाली, तुझ्या मुलांना सांगून आले

रूपाली,

तुझ्या शोकसभेला हजेरी घेतली गं.

कॉलेजच्या त्याच हॉलमध्ये, जिथे आपण दरवर्षी रक्तदान शिबिराच्या खाटा लावायचो. दाराशी एक मुलगी कागद घेऊन बसली होती. नाव, वर्ग, सही. मी म्हटलं, "मी पासआउट आहे, मला कशाला?" ती म्हणाली, "नाही ताई, ज्यांना समाजसेवेचे तास हवेत त्यांच्यासाठी आहे. आजचे पण तास धरणार आहेत." इतक्या सहज म्हणाली की मला तिचा रागही धरता येईना. मी मागच्या रांगेत जाऊन बसले. तू असतीस तर आधी खो खो हसली असतीस. मग त्या मुलीला बाजूला घेऊन झापलं असतंस, आणि ती रडायला लागल्यावर तिला खाली नेऊन चहा पाजला असतास. तुझा क्रम ठरलेला होता.

सर बोलले. आपल्या समाजसेवा युनिटचे सर, ज्यांना तू तीन वर्षं छळलंस. नेतृत्वगुण म्हणाले, झोकून देणारी म्हणाले. शेवटी म्हणाले, "रूपालीचं कार्य असंच पुढे चालू राहील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला एकदम तुझा आवाज ऐकू आला, कानात नाही, पोटात: कुठलं कार्य, सर? कोळीवाड्यातल्या मुलांचा वर्ग बंद पडून किती दिवस झाले, तुम्हाला माहितीये का? पण तू नव्हतीस, आणि ते विचारायला दुसरं कोणी उठलं नाही. मीही नाही. तुझ्या फोटोला हार घातला होता. फोटो ओळखपत्रावरचा, मोठा करून आणलेला. तुला तो कधीच आवडला नव्हता.

मी तुला पहिल्यांदा बघितलं ते गिरगाव चौपाटीवर, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आपण फर्स्ट इयरला होतो. अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली मी, बाबांनी हौसेने आणून दिलेले हातमोजे घालून आले होते, आणि समोरची वाळू बघून तिथेच थांबले. अर्धवट विरघळलेल्या मूर्ती. एक सोंड. एक हात, तळवा वर केलेला. फुलं, कापडं, प्लास्टिक. सगळे त्या हाताचा व्हिडिओ काढत उभे होते. थर्ड इयरचा लीडर बॅनर कुठल्या बाजूला धरला तर समुद्र दिसेल ते बघत होता. तू चपला कमरेला ओढणीत बांधल्या होत्यास. तुला कसलंही पद नव्हतं, तुला कोणी ओळखतही नव्हतं. तू ओरडलीस, "ए, फोटो नंतर! आधी उचला!"

आणि लोक उचलायला लागले. का लागले ते मला आजही नीट सांगता येत नाही.

दुपारपर्यंत माझी पाठ गेली होती. मी तुला म्हटलं, "पुढच्या वर्षी परत हेच होणार ना?"

"होणार."

"मग?"

"मग काय मग? आजचं आज उचलायचं, का पुढच्या वर्षासाठी ठेवायचं?"

त्यानंतर मी तीन वर्षं तुझ्या मागे मागे फिरले. लोकांना वाटायचं आपण लहानपणापासूनच्या मैत्रिणी आहोत.

सेकंड इयरला तू लीडर झालीस, आणि तू काही फार गोड लीडर नव्हतीस. आता गेलीस म्हणून मी ते बदलणार नाही. तू कामं वाटून द्यायचीस आणि मग दहाव्या मिनिटाला येऊन ती स्वतःच करायला घ्यायचीस. उशिरा आलेल्याला गेटवरून परत पाठवायचीस. श्रमदानाच्या शिबिरात तो पाहुणा भाषण संपवेना आणि मुलं उन्हात बसलेली, तेव्हा तू सरळ जाऊन त्याच्या हातातला माईक घेतलास आणि म्हणालीस, "सरांचे आभार." आपल्या सरांचा चेहरा पांढरा पडला होता. पण तुझ्या रक्तदान शिबिरात कधी कोणी चक्कर येऊन पडलं नाही. तू प्रत्येकाला खाटेवर झोपवायच्या आधी डोळ्यांत बघून विचारायचीस, "काय खाल्लंस? खरं सांग." खोटं बोलणारा तुला कळायचा. त्याला तू केळं देऊन अर्धा तास भिंतीशी बसवायचीस.

आणि वरळी कोळीवाड्यातला शनिवारचा वर्ग. तो खरा तुझा होता.

मच्छीमार सोसायटीचा हॉल, बाहेर दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आत सतरंजीवर तिसरी-चौथीतली मुलं. शाळेत जाणारी, पण वाचता न येणारी. आपल्याला वाटलं होतं, पुस्तकं दिली की झालं. नऊ वर्षांची धनश्री तर घडाघडा वाचायची, आपण दोघी खूश. मग तू एक दिवस तिच्या पुस्तकातल्या चित्रावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "आता वाच." धनश्रीला एक शब्द येईना. ती इतके दिवस चित्र बघून गोष्ट सांगत होती. तिने तुझ्या हाताकडे बघितलं, मग तुझ्याकडे, आणि तिला रडू फुटलं. मला वाटलं, तू आता ओरडणार. तू उठलीस आणि फळ्यावर मासळीची नावं लिहायला घेतलीस. मोठ्या अक्षरात, एकाखाली एक. चित्र नाही, काही नाही. पुढचे कित्येक शनिवार तेच. आणि एका शनिवारी धनश्री मागून ओरडली, "मांदेली! ताई, ते मांदेली आहे!" सगळा हॉल तिच्याकडे वळला. तू खडू हातात तसाच धरून उभी राहिलीस. तू पाठ फिरवून फळा पुसायला लागलीस, पण पुसत होतीस तो कोपरा कोराच होता, मी बघत होते.

त्या संध्याकाळी आपण कोळीवाड्यातून प्रभादेवीपर्यंत चालत आलो. तू म्हणालीस, "आपण टीचरच होऊ या. दुसरं काय करायचंय?" माझ्या घरी माझ्यासाठी बँकेच्या परीक्षा ठरल्या होत्या. मी त्या चालण्यात शिक्षिका व्हायचं ठरवलं. कोणी विचारलं तर मी आवड होती वगैरे सांगते. खरं म्हणजे तू ठरवलंस म्हणून मी ठरवलं.

मग आपण थर्ड इयर संपवून बाहेर पडलो. वर्ग पुढच्या बॅचकडे गेला. कुठलं मूल कुठवर आलंय ते तू त्यांना समजावून सांगितलं होतंस, तरी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण त्यांना ते सोपं पडत होतं. मुलं कंटाळली. नव्या बॅचचे समाजसेवेचे तास भरले तशी तीही येईनाशी झाली. मग सोसायटीला हॉल दुसऱ्या कामाला हवा होता. तू एकटी जाऊन भांडलीस. परत आल्यावर मला फोन केलास. सोसायटीचे काका तुला म्हणाले होते, "पोरी, तुम्ही येता नि जाता. आम्ही हितंच आहोत." तू म्हणालीस, "अनघा, मला उत्तरच आलं नाही गं." तुला उत्तर आलं नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी बी.एड.ला गेले. तू नाही आलीस. प्रभादेवीला एका कार्यक्रम करणाऱ्या कंपनीत लागलीस, लग्नं, उद्घाटनं, कसले कसले समारंभ. "लोकांना रांगेत उभं करता येतं मला. तेवढंच येतं," म्हणालीस. मी चिडले. चिडलेली राहिले. आणि आपलं शेवटचं भेटणं हे त्याच भांडणात गेलं.

दादरला, स्टेशनजवळच्या त्या छोट्या उपाहारगृहात, आतल्या पंख्याखालच्या टेबलावर. तू थालीपीठ मागवलंस आणि खाल्लं नाहीस.

"आपण त्या मुलांना आपली सवय लावली आणि निघून आलो," तू म्हणालीस. "ती आपल्या सर्टिफिकेटसाठी होती. आपण त्यांच्यासाठी नव्हतो."

"काहीतरीच. धनश्री वाचायला लागली ना?"

"ती आपल्याशिवाय पण लागली असती."

"तुला काय माहीत?"

"तुला तरी काय माहीत?"

मी म्हटलं, "म्हणूनच तर शिक्षक व्हायचं ना, कायमचं. तेव्हा नाही निघून जाणार." तू माझ्याकडे बघितलंस. न खाल्लेलं थालीपीठ बाजूला सरकवलंस. मग म्हणालीस, "नाही गं, ते तसं नाहीये. एक गोष्ट आहे. मला तुला सांगायचीच होती..." आणि तुझा फोन वाजला. कुठल्याशा लग्नात खुर्च्यांची कव्हरं चुकीच्या रंगाची आली होती. तू फोनवर बोलत बोलत उठलीस, बाहेर गेलीस, हातवारे करत फुटपाथवर फेऱ्या मारल्यास. परत आलीस तेव्हा विषय निघून गेला होता. आपण फुलबाजारात जाऊन तुझ्या आईसाठी शेवंती घेतली. पुलाच्या पायऱ्यांशी तू म्हणालीस, "चल, बोलू." 

ती एक गोष्ट काय होती, रूपाली? मी रोज एक नवीन गोष्ट तिथे घालून बघते. एकही तुझ्या आवाजात बसत नाही.

ताप अंगावर काढलास. लग्नाचा सीझन, सुट्टी कशी घेऊ, एवढंच मेसेजमध्ये लिहिलंस. मग तुझ्या आईचा फोन आला, परळच्या हॉस्पिटलमधून. डेंग्यू. प्लेटलेट्स खाली चालल्या आहेत, रक्तदाते लागतील म्हणाले.

मी आपल्या जुन्या ग्रुपवर टाकलं, आणि बघता बघता हॉस्पिटलचा पॅसेज भरून गेला. आपली बॅच, आपल्या नंतरची बॅच, त्यांच्या नंतरची. लालबागची तुमच्या गल्लीतली मुलं. माईक काढून घेतला होतास त्या शिबिरातला एकजण तर थेट पनवेलवरून आला. आणि रूपाली, आत्ताची लीडर, ती सेकंड इयरची पोरगी, जिने तुला एकदाही पाहिलेलं नव्हतं, ती प्रत्येकासमोर उभी राहून विचारत होती, "काय खाल्लंय? खरं सांगा." ज्यांनी खाल्लं नव्हतं त्यांना केळी देऊन भिंतीशी बसवत होती. तिला हे कोणी शिकवलं, तिलाही माहीत नसेल. तिच्या आधीच्या लीडरने शिकवलं असेल, त्याला तू.

त्या दिवशी कशाचीच कमी नव्हती. हे मला लोकांना सांगावं लागतं, कारण लोक विचारतात, रक्त मिळालं नाही का? उशीर झाला का? मिळालं. वेळेवर मिळालं. डॉक्टर धावत होते. माणसं रांगेत होती, शांत होती, खाऊनपिऊन होती. तू जे जे शिकवलं होतंस ते सगळं जसंच्या तसं झालं. आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता डोनर नकोत."

मला वाटलं, तुला बरं वाटतंय. देवाशपथ, मी हसले. वळून त्या मुलांना अंगठा दाखवणार होते. तुझी आई बाकावर बसली होती, ती माझ्याकडे बघत नव्हती, डॉक्टरांकडे बघत होती. तिला माझ्या आधी कळलं. ती पायातली चप्पल शोधायला लागली, चप्पल पायातच होती.

नंतर बऱ्याच वेळाने मी पॅसेजमध्ये आले तर ती मुलं तशीच भिंतीला टेकून बसली होती, हातात केळ्यांची सालं घेऊन. त्यांना कोणी उठा म्हटलं नव्हतं. बातमी पोचली होती, पण घरी जा कोण सांगणार? ते तुझं काम होतं. शेवटी त्या पोरीने सांगितलं. ते सांगून तिने सालं गोळा करायला घेतली, मग सगळेच रडायला लागले.

मधे आमच्या बी.एड.च्या वर्गात मॅडमनी विषय काढला, शिक्षकाचं नेतृत्व. मुली एकेक करून उठल्या. पुढाकार, आदर्श, सगळ्यांना सोबत घेऊन जाणं. मॅडम म्हणाल्या, "अनघा, तू कॉलेजात असताना हे काम केलंयस ना? तुझा अनुभव सांग." मी उभी राहिले. मी म्हटलं, "मॅडम, मी फक्त मागे होते. जी पुढे होती ती गेल्या महिन्यात वारली." मॅडम चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या, "बस बाळा." मग पुढची मुलगी उठली आणि संघभावनेबद्दल बोलली.

मला खरंच सांगता आलं नसतं. तुझ्याकडून मी काय शिकले? बॅनर शेवटी लावायचा. आधी खाल्लंय का विचारायचं. चित्रावर हात ठेवायचा. हे माझ्याकडे आहे, आणि त्यासाठी तुझे उपकार आहेत माझ्यावर, ते तू असताना म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "ए, सिरियल नको." पण हे सगळं कशासाठी, ते मला कधीच कळलं नव्हतं. ते तुला माहीत होतं असं समजून मी चालले होते. आणि शेवटी शेवटी तुलाही माहीत नव्हतं.

तुझं दिवसकार्य झाल्यावर मी लालबागला तुमच्या घरी गेले. तुझ्या आईने मला चहा दिला आणि समोर बसली. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं की मला आवाज येत नव्हता, माहीत नाही. मग ती म्हणाली, "त्या वरळीच्या पोरांका कोणी सांगल्यान काय गो? रूपा गेला म्हणान?"

मी म्हटलं, "नाही काकू. वर्ग बंद झाला ना."

"दर शनवारी जाय. पावसात जाय, तापात जाय. घरात जेवण टाकून जाय." ती रागाने म्हणत नव्हती. "त्यांका कळाक व्हया. वाट बघत असतीत."

मी म्हटलं, मी जाते. मी सांगते.

काल शनिवार होता. मी गेले. हॉलला कुलूप होतं, खिडकीतून आत एकावर एक रचलेल्या खुर्च्या दिसत होत्या. गल्लीत विचारत विचारत धनश्रीच्या घरी पोचले. ती आता उंच झाली आहे, तू ओळखलं नसतंस. दारात आईबरोबर बसून सुकट निवडत होती.

"धनश्री ना?"

"हो. तुम्ही?"

"मी अनघाताई. शनिवारी हॉलमध्ये शिकवायला यायचो आम्ही."

"हां हां," ती म्हणाली. नाव कळलं तरी ओळख पटलेली नाही, असं हसली.

"रूपालीताई आठवते?"

तिने आईकडे बघितलं. "कुठल्या? त्या चष्म्यावाल्या?"

"नाही गं. मोठ्या आवाजाची. फळ्यावर मासळीची नावं लिहायची. तू मांदेली वाचलंस तेव्हा..."

ती मनापासून आठवायचा प्रयत्न करत होती, रूपाली. कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाली, "खूप ताई यायच्या ना. दादा पण. एका दादाने कंपासपेटी दिलेली." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून, "काय झालं त्यांना?"

"वारली. डेंग्यूने."

तिच्या आईचे हात थांबले. "अगं बाई. लहानच असेल ना?"

"माझ्याच वयाची."

धनश्रीने मला पाणी आणून दिलं. सातवीत आहे म्हणाली. मराठी आवडतं म्हणाली. मला विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं, "वाचायला कोणी शिकवलं तुला, आठवतंय?"

"शाळेत," ती म्हणाली. "बाईंनी."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या बाईंनीही शिकवलं असेल. तू म्हणत होतीस तसं ती आपल्याशिवायही शिकली असती, किंवा नसती, आता ते सांगणारं जगात कोणीच उरलं नाही. दादरचं भांडण तू जिंकलीस. मला हरायचंच होतं तर तुझ्याकडून हरायचं होतं गं, त्या पोरीकडून नाही.

सोमवारपासून परळच्या एका शाळेत माझे सरावपाठ आहेत. पाचवीचा वर्ग. मी जाणार आहे. कोणी विचारलं, कशासाठी, तर सांगायला माझ्याकडे काही नाही. वर्गात जाऊन उभं राहायचं आणि काही वर्षांनी त्यांनी विसरायचं, एवढंच मला दिसतं आहे, आणि त्या पलीकडे काही असेल तर ते मला दाखवणारी तू होतीस.

कोळीवाड्यातून मी घरी गेले नाही, लालबागला गेले. तुझी आई दारातच होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली गो पोरां?"

तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. मी म्हटलं, "रडली, काकू. खूप रडली."

तिने पदर तोंडाला लावला. मग आत वळून तुझ्या बाबांना म्हणाली, "आयकलास? पोरां रडली म्हणता ही." ते उठून बाहेर आले आणि माझ्या समोर खाली बसले. तुझी आई माझा हात धरून विचारायला लागली, कोण कोण रडलं, सांग. आणि मी एकेका मुलाचं नाव सांगत गेले.